खटक्याचा चाकू : संग्रहातला आणि खिशातला

'शस्त्रक्रिया' हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो; परंतु त्यातील 'शस्त्र' या पूर्वपदाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत, हे आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेले असते. त्याच ठिकाणी धारेविषयी जे विवेचन आहे ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहत नाही. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराच्या दाण्याइतकी, लेखनाची त्याच्या निम्मी, वेधनाची केसाइतकी आणि छेदनाची अर्ध्या केसाइतकी असावी. धार लावायला गुळगुळीत, उडदाच्या रंगाचा दगड घ्यावा. ती टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी. आणि अंगावरचा केस तुटेल इतके पाजळलेले शस्त्रच कामात आणावे, असे ते सांगणे आहे. जसे काम तशी धार, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे मांडणारे आचार्य आपल्या परंपरेत होऊन गेले आहेत. आज एखाद्याला खिशात ठेवण्यासाठी साधा चाकू निवडायचा असला, तरी आरंभ याच तत्त्वापासून करावा लागतो.

प्रस्तुत लेखक बालरोगतज्ज्ञ आहे. त्याच्या व्यवसायात शस्त्राचे स्थान जवळजवळ नाही. तरीही गेली सुमारे तीस वर्षे मिटणारे चाकू जमवण्याचा छंद त्याने जोपासला आहे, आणि त्यामुळे स्नेही व सहव्यवसायी अनेकदा सल्ला विचारतात. अलीकडे या पृच्छा एकाच प्रकारच्या असतात. कोणाचा जावई अमेरिकेहून येणार असतो, कोणाचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला असतो, आणि प्रश्न येतो : "डॉक्टर, तो बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू मागवावा म्हणतो. कोणता घ्यावा?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण त्यात यंत्रविद्या आहे, धातुशास्त्र आहे, कायदा आहे आणि घरातली लहान मुलेही आहेत. म्हणून हा लेख.

खटका म्हणजे नेमके काय?

मिटणाऱ्या चाकूंचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्यात पात्यावरच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी पाते उघडावे लागते. दुसऱ्यात पात्यावर छोटी खुंटी किंवा भोक असते. अंगठ्याने ते ढकलून एका हाताने चाकू उघडता येतो. यातच एक उपप्रकार असा की, पाते थोडेसे ढकलले की उरलेला प्रवास आतली स्प्रिंग पूर्ण करते. तिसरा वर्ग खऱ्या अर्थाने स्वयंचलित. त्यात पात्याला हात लावावा लागत नाही. मुठीवरचे बटण दाबले की आधीच ताणून ठेवलेली स्प्रिंग मोकळी होते आणि पाते उघडते. आपण ज्याला खटक्याचा चाकू म्हणतो तो हाच.

या तिसऱ्या वर्गातही दोन घराणी आहेत. एकात पाते बिजागरीभोवती फिरून बाजूने उघडते. पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बटणाचा जाड भाग अडकलेला असतो. बटण दाबले की त्याचा बारीक भाग खाचेसमोर येतो आणि पाते सुटते. पूर्ण उघडल्यावर तेच बटण दुसऱ्या खाचेत बसून पाते पक्के धरते. दुसऱ्या घराण्यात पाते मुठीच्या तोंडातून सरळ पुढे येते. मुठीवरची कळ अंगठ्याने पुढे सरकवली की पाते बाहेर, मागे ओढली की आत. दिसायला हा प्रकार अत्यंत आकर्षक. परंतु पाते आत-बाहेर जाऊ शकावे म्हणून त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते, त्यामुळे ते किंचित हलते. बाहेर येताना वाटेत अडथळा आला तर पाते मध्येच सुटून लोंबकळते आणि हाताने ओढून पुन्हा जागेवर बसवावे लागते. खिशातली धूळ आणि कापडाचे तंतू आत गेले तर यंत्रणा अडते. मजबुतीच्या दृष्टीने बाजूने उघडणारा प्रकार निःसंशय सरस आहे.

एका हाताची गरज

हा चाकू गुंडांसाठी जन्माला आला, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत जॉर्ज श्रेड या कारागिराने १८९२ च्या सुमारास बटणाच्या चाकूचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यासमोर सामान्य गिऱ्हाईक होते : ज्याचा एक हात कामात गुंतलेला आहे, किंवा ज्याला नखाने पाते उघडणे जमत नाही, असा माणूस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना बटणाचे चाकू देण्यात आले. झाडात अडकलेल्या आणि एक हात जायबंदी झालेल्या सैनिकाला छत्रीच्या दोऱ्या कापून स्वतःची सुटका करून घेता यावी, हा त्यामागचा हेतू. जर्मन छत्रीधारकांचा चाकू त्याच कारणासाठी, पण निराळ्या युक्तीने बनवलेला होता : कळ दाबून मूठ खाली धरली की पाते स्वतःच्या वजनाने बाहेर पडे. अस्थिव्यंगोपचार करणाऱ्या आपल्या मित्रांना हे वाचून आनंद वाटावा; कारण एका हाताने काम करावे लागणाऱ्या माणसासाठी यंत्र कसे असावे, याचेच हे उत्तर आहे.

मग बदनामी आली कोठून? इटलीत मानिआगो आणि फ्रोझोलोने या गावांत चाकू बनवण्याची जुनी परंपरा आहे. महायुद्धानंतर तेथील निमुळत्या पात्यांचे डौलदार चाकू घेऊन अमेरिकी सैनिक मायदेशी परतले आणि त्यांची आयात वाढली. १९५० मध्ये एका लोकप्रिय महिला मासिकाने या चाकूला 'जीव घेणारे खेळणे' ठरवणारा लेख छापला. 'रेबेल विदाउट अ कॉज' (१९५५) आणि 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटांनी तो बिघडलेल्या तरुणाईचे प्रतीक म्हणून लोकांच्या मनात ठसवला. १९५८ मध्ये अमेरिकेने या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर संघीय कायद्याने बंदी घातली. त्या कायद्यात मात्र एक सुंदर अपवाद राखला गेला : ज्याला एकच हात आहे, त्याने तीन इंचांपर्यंत पात्याचा असा चाकू जवळ बाळगण्यास हरकत नाही. कायदा करणाऱ्यांना या वस्तूचे मूळ प्रयोजन पुरते विसरता आले नाही, असेच म्हणावे लागेल.

आपल्याकडचा रामपुरी

भारतात खटक्याचा चाकू म्हटला की उत्तर प्रदेशातील रामपूरचेच नाव येते. नवाबी राजवटीत तेथे हा व्यवसाय भरभराटीला आला. बटणदार आणि गरारीदार असे त्याचे दोन प्रसिद्ध प्रकार. गरारीदार चाकू उघडताना दात्यांवरून सरकणाऱ्या खिटीचा जो कटकट आवाज येतो, तो आपल्या पिढीने चित्रपटगृहाच्या अंधारात पुष्कळदा ऐकला आहे. 'वक्त' (१९६५) या चित्रपटात राजकुमार समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेतात आणि ही मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे, हाताला लागली तर रक्त निघते, अशा आशयाचे वाक्य शांतपणे ऐकवतात. टाळ्या मिळवणारे ते वाक्य बालरोगतज्ज्ञाने दवाखान्यात लावून ठेवावे इतके खरे आहे!

कायद्याची बंधने आणि स्वस्त आयात माल यांच्यामुळे रामपूरचे कारागीर आता थोडेच उरले आहेत. २०२३ मध्ये त्या शहरातील एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा प्रचंड चाकू उभारण्यात आला. परंपरेचे स्मारक उभे राहते तेव्हा ती परंपरा बहुधा ओसरू लागलेली असते. म्हणूनच संग्राहकाच्या दृष्टीने जुन्या, हाताने घडवलेल्या रामपुरीचे मोल वाढले आहे. पितळी मुठीवरचे नक्षीकाम, बनवणाऱ्याचा ठसा आणि खिटीचा खणखणीत आवाज, या तीन गोष्टी त्यात पाहाव्यात.

कायदा आधी, खरेदी नंतर

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. येथे होणाऱ्या अज्ञानाची किंमत कधीकधी पोलीस ठाण्यात मोजावी लागते.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये आला. त्याखालील नियमांच्या परिशिष्टात तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले यांच्याबरोबर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा समावेश आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातली मोठी सुरी आणि शेतातला कोयता यांना भय नाही. खिशातले चाकू या मापाच्या फार आत असतात, म्हणून कित्येक जण निर्धास्त होतात. परंतु अधिनियमाच्या कलम ४ अन्वये विशिष्ट प्रदेशासाठी अधिक कडक अधिसूचना काढता येते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, गरारीदार, बटणदार किंवा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू नियंत्रणाखाली आणले. त्यासाठी पात्याची मर्यादा आहे लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम तीन इंच. बडोद्याहून राजधानी एक्सप्रेसने दिल्लीला परिषदेसाठी निघालेल्या डॉक्टरांच्या खिशात असा चाकू असेल, तर गाडीतून उतरताच त्याचे कायदेशीर स्वरूप बदलते.

आपल्या गुजरातेत, तसेच महाराष्ट्रात, जुन्या मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७ आजही नव्या नावाच्या कायद्यात कायम आहे. त्यानुसार सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू, काठ्या, तलवारी बाळगण्यास मनाई करणारे हुकूम निघतात. त्या दिवसांत खिशातला लहानसा चाकूही अडचणीचा ठरू शकतो. विमानाच्या केबिनमध्ये कोणताही चाकू नेऊ नये, हे सांगायला नकोच.

परदेशातील मुला-जावयांसाठीही चार शब्द. ब्रिटनमध्ये अशा चाकूंच्या विक्रीवर व आयातीवर १९५९ पासून बंदी आहे, आणि २०१९ च्या कायद्यातील तरतुदी २०२१ मध्ये अमलात आल्यापासून घरात ठेवणेसुद्धा गुन्हा ठरते. तेथे सबळ कारणाशिवाय खिशात बाळगता येतो तो केवळ न अडकणाऱ्या पात्याचा, तीन इंचांपर्यंतचा साधा मिटणारा चाकू. जर्मनीने २०२४ मध्ये नियम बरेच कडक केले. उलट अमेरिकेतील अनेक राज्यांनी बंदी उठवली. न्यू हॅम्पशायरने २०१० मध्ये, टेक्सासने २०१३ मध्ये. मॅसेच्युसेट्समधील बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा ह्यूस्टनच्या जावयाने विकत घेतलेली भेट त्याच्या गावी वैध, आणि लंडनमार्गे येताना अवैध, असे सहज घडू शकते. अशी भेट आणू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

संग्रहासाठी निवडताना

संग्रहाला सूत्र हवे. मिळेल ते घेत गेले की पेटी भरते, संग्रह होत नाही. कोणी केवळ कुलूपपद्धतींचा संग्रह करतो : मागच्या पट्टीचे कुलूप, मुठीच्या आतल्या पत्र्याचे कुलूप, फ्रान्सच्या ओपिनेल चाकूवरची १९५५ पासूनची फिरती कडी. कोणी एकाच गावाचे चाकू जमवतो. स्वयंचलित चाकू हवेच असतील तर कायद्याच्या मर्यादेतली मोजकी उदाहरणे घ्यावीत. इतर वर्गांत शिकण्यासारखे फार आहे.

चाकू हातात घेतल्यावर चार गोष्टी तपासाव्यात. मिटलेल्या स्थितीत पाते मुठीच्या बरोबर मधोमध असावे. उघडल्यावर ते आडवे किंवा वर-खाली हलू नये. खटका दर वेळी पाते पूर्ण उघडून कुलपात बसवतो का, हे दहा-बारा वेळा पाहावे. अर्धवट उघडणारा खटका म्हणजे थकलेली स्प्रिंग. बटण चुकून दाबले जाऊ नये म्हणून वेगळी सुरक्षा-कळ आहे का, तेही पाहावे. जुन्या चाकूत पात्याच्या बुडाशी उत्पादकाचा ठसा असतो. त्यावरून काळ ठरवता येतो. पात्याला वारंवार धार लावून त्याची रुंदी घटली असेल तर किंमतही तशीच घटली पाहिजे.

जाहिरातीत 'सर्जिकल स्टील' असे शब्द दिसले तर डॉक्टरांनी तरी फसू नये. शरीरात बसवायच्या पट्ट्या आणि स्क्रू ज्या पोलादाचे असतात ते गंजत नाही, पण उष्णतेने कठीणही होत नाही. त्याची धार टिकत नाही. चाकूला पुरेसा कार्बन असलेले, पाणी देऊन कठीण करता येणारे पोलाद लागते. ४२० आणि ४४० या मालिकांतील पोलादे सहज धार घेतात आणि गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. डी-२ ची धार अधिक टिकते, पण दमट हवेत त्यावर डाग पडतात. २००१ मध्ये आलेले एस-३०-व्ही हे पोलाद खास चाकूंसाठी घडवले गेले. त्याची धार उत्तम टिकते, मात्र ती पुन्हा लावायला चिकाटी लागते. आपल्या पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडे कमावण्याच्या रसायनांनी पोलादावर गंज चढतो. खनिज तेलाचा पुसट हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह ठेवावेत.

आणखी एक सावधगिरी. जुन्या चाकूंच्या मुठी हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये अशा वस्तूंची खरेदी-विक्री निषिद्ध आहे. बाजारात कितीही मोहक तुकडा दिसला तरी हात मागे घ्यावा.

खिशासाठी निवडताना

आता रोजच्या वापराचा प्रश्न. डॉक्टर दिवसभरात कापतो तरी काय? औषधांचे खोके, कुरिअरची पाकिटे, सुतळी, दुपारचे सफरचंद. या कामांना दोन ते अडीच इंचांचे, पातळ धारेचे पाते पुरते. सुश्रुताचार्यांच्या भाषेत ही छेदनाची कामे आहेत. मसुरी धारेची येथे गरज नाही. जाड, लष्करी थाटाचे पाते सफरचंद कापत नाही, फोडते.

खटक्याची गरजही या कामांत पडत नाही. कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेला स्विस अधिकाऱ्यांचा चाकू आणि त्याचे छोटे वंशज यांत कात्री, चिमटा आणि दाढकोरणीही मिळते. बाळाच्या बोटात रुतलेले कुसळ त्या चिमट्याने काढता येते. अडीच हजार रुपयांच्या खटक्याने ते कधीही निघणार नाही. लाल मुठीचा असा चाकू काढला तर शेजारी बसलेला माणूस दचकत नाही, हाही मोठा गुण आहे. बटण दाबून फटकन पाते उघडले की दवाखान्यातली आई मूल पोटाशी धरते. आपल्या हातातली वस्तू समोरच्याला काय सांगते, याचा विचार डॉक्टरने इतरांपेक्षा अधिक करायला हवा. ज्यांचा एक हात अर्धांगवायूने किंवा अपघाताने निकामी आहे, त्यांच्यासाठी अंगठ्याच्या खुंटीचा, एका हाताने उघडणारा आणि पक्के कुलूप असलेला चाकू सुचवावा.

स्वसंरक्षणासाठी चाकू बाळगावा का, असे तरुण विचारतात. उत्तर ठाम नकारार्थी आहे. चाकू काढणाऱ्याच्याच हाताला प्रथम जखम होते, हे अपघात विभागात काम केलेल्या कोणालाही विचारावे.

घरात मूल असेल तर

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरा वर्षांचा मुलगा आणला गेला. वडिलांच्या मेजाच्या खणातला, कुलूप नसलेला चाकू उघडून तो लाकडात टोचत होता. पाते मिटले आणि तर्जनीवर आले. जखम दीड सेंटिमीटरची. रक्त थांबले होते. आईवडिलांना वाटले, पट्टी पुरे. भेदरलेला मुलगा संवेदनेच्या कोणत्याही प्रश्नाला नीट उत्तर देईना. अशा वेळी एक जुनी, साधी तपासणी उपयोगी पडते. जखम झाकून, ती भिजू न देता, बोटांची टोके अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावीत. निरोगी कातडीला सुरकुत्या पडतात. जिथली मज्जा तुटली आहे, तिथली कातडी गुळगुळीत राहते. त्या मुलाच्या तर्जनीच्या टोकाची एक बाजू गुळगुळीत राहिली. त्याच दिवशी त्याला हाताच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले आणि तुटलेली मज्जा सांधली गेली. आज तो मुलगा तबला वाजवतो.

या उदाहरणातून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बोटावरची लहान दिसणारी चाकूची जखम कधीही केवळ पट्टीवर सोडू नये. प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवून स्नायुबंध तपासावेत, आणि मज्जेची खात्री करून घ्यावी. दुसरे, धनुर्वाताची लस. १० आणि १६ व्या वर्षीची टीडी अनेक सुशिक्षित घरांतही राहून गेलेली असते. जखमेच्या निमित्ताने तो कागद पाहावा. तिसरे, संग्रह कुलपात ठेवावा आणि किल्ली वेगळ्या ठिकाणी. खटक्याचा चाकू मुलांसाठी विशेष घातक आहे, कारण तो उघडायला बळ लागत नाही. साध्या चाकूची घट्ट स्प्रिंग चार वर्षांच्या बोटांना दाद देत नाही; बटण मात्र देते.

मुलांना चाकूपासून कायमचे दूर ठेवावे, असे मात्र मी म्हणणार नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला गोल टोकाचा, कडीचे कुलूप असलेला चाकू देऊन, शेजारी बसून, केळे आणि काकडी कापायला शिकवावी. ओपिनेल असा गोल टोकाचा चाकू खास मुलांसाठी बनवते. शरीरापासून बाहेरच्या दिशेने कापावे. चाकू दुसऱ्याच्या हाती मिटवूनच द्यावा. पडणारा चाकू झेलू नये. आणि बोथट चाकू वापरू नये, कारण त्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हातच घसरतो. हे चार नियम ज्या मुलाच्या अंगवळणी पडले, त्याला पंधराव्या वर्षी जत्रेतल्या खटक्याचे आकर्षण फारसे उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

छंद माणसाला विसावा देतो. शस्त्राचा छंद त्याबरोबर थोडी जबाबदारीही देतो. आपल्या मंडळातील ज्या सभासदांना हा विषय आवडतो त्यांनी प्रथम आपल्या राज्याचे नियम पाहावेत, मग एकच चांगला, साधा चाकू घ्यावा, त्याला स्वतःच्या हाताने दगडावर धार लावायला शिकावे आणि वर्षभर तो वापरावा. त्यानंतरही बटणाची ओढ वाटलीच, तर एखाद्या सायंकाळी अवश्य घरी यावे. कुलपातली पेटी उघडून, चहाच्या संगतीने, निवांत बोलता येईल.